टास्क मॅनेजरमध्ये २५ टक्के, ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये १०० टक्के, तडतड थांबेना

मध्यसप्तक

नमस्कार मंडळी. दोन आठवडे या प्रकाराने डोकं खाल्लंय म्हणून शेवटी इथे लिहितोय, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

एका गाण्याचं मिक्सिंग चालू आहे. ३८ ट्रॅक आहेत, त्यातले १० आवाजाचे (मुख्य गायिका, डबल्स, कोरस), बाकी ड्रम, बेस, दोन गिटार, पॅड, बासरी वगैरे. लॅपटॉप ४ कोअर ८ थ्रेडवाला, १६ जीबी रॅम, विंडोज १०. यूएसबी इंटरफेस (माइक-स्पीकर लॅपटॉपला जोडणारा डबा) आहे आणि तो त्याच्या स्वतःच्या एएसआयओ ड्रायव्हरवर (कमी उशिराने ऑडिओ चालवणारा) चालतो. प्रोजेक्ट ४४१०० ला (सेकंदाला इतकी सॅम्पल), बफर १२८ (एका वेळी इतक्या सॅम्पलचा तुकडा तयार होतो).

प्रॉब्लेम असा की गाणं वाजताना मधेच तडतड सुरू होते, सॉफ्टवेअरचं सीपीयू मीटर ९०-१०० ला जाऊन लाल होतं, आणि त्याच वेळी टास्क मॅनेजर उघडून बघावं तर तिथे २३ नाहीतर २५ टक्के. म्हणजे प्रोसेसर तीन चतुर्थांश रिकामा बसलाय आणि इकडे गाण्याच्या चिंध्या होतायत. दोघांपैकी खोटं कोण बोलतंय?

आतापर्यंत केलेलं: सगळे इतर प्रोग्राम बंद, अँटिव्हायरसला प्रोजेक्टचा फोल्डर वगळायला सांगितला, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. फरक शून्य. काय बघू अजून?

झटपट_दाजी

४ कोअरवर ३८ ट्रॅक म्हणजे जरा जास्तच अपेक्षा आहे राव. नवा प्रोसेसर घे, विषय संपव. तोपर्यंत बफर १०२४ कर.

फेडर_खाली

दाजी, तुम्हाला प्रत्येक धाग्यावर नवं मशीनच आठवतं. ३८ ट्रॅक काही फार नाहीत, कुठल्या ट्रॅकवर काय लावलंय त्यावर सगळं आहे.

@मध्यसप्तक, खोटं कोणीच बोलत नाहीये, दोघं वेगवेगळं मोजतायत. टास्क मॅनेजर आठही थ्रेडची सरासरी सांगतो. तुझ्या मशीनवर एक थ्रेड पूर्ण भरला तरी तिथे दिसणार फक्त साडेबारा टक्के. आणि ऑडिओवाल्याचं मीटर सांगतं की दिलेल्या वेळातला किती वेळ गेला. बफर १२८ म्हणजे १२८ सॅम्पल, ४४१०० ला ते होतात २.९ मिलिसेकंद. दर २.९ मिलिसेकंदांनी पुढचा तुकडा तयार पाहिजे म्हणजे पाहिजे. २.८ ला झाला तर तुला काही कळणार पण नाही, ३ ला झाला तर टिक. उरलेले सात थ्रेड हातावर हात धरून बसलेत का नाही याच्याशी इंटरफेसला काही घेणंदेणं नाही.

आता ते सात जण मदतीला का येत नाहीत, तर एका ट्रॅकवरची प्लगइनची (ट्रॅकवर लावलेल्या इफेक्टची) साखळी एकामागून एकच चालते. ईक्यूचं झाल्याशिवाय कॉम्प्रेसरला हात लावता येत नाही, त्याचं झाल्याशिवाय रिव्हर्बला (आवाजाला घुमारा देणारा) नाही. रिले शर्यतच, हातात बॅटन आल्याशिवाय पुढचा पळू शकत नाही. वेगवेगळे ट्रॅक वेगवेगळ्या कोअरवर वाटता येतात, पण एकच लांबलचक साखळी वाटता येत नाही. आणि सगळं येऊन पडतं मास्टरवर (सगळे ट्रॅक एकत्र होतात तो शेवटचा ट्रॅक), तिथे तर सगळ्यांनी पोचेपर्यंत थांबायचंच. तर आधी हे सांग, मास्टरवर काय काय आहे? आणि मिक्स करताना एखादा ट्रॅक रेकॉर्डला आर्म (रेकॉर्डिंगसाठी तयार) करून ठेवलाय का?

मध्यसप्तक

आयला, २.९ मिलिसेकंदाचं गणित असं कधी डोक्यातच आलं नव्हतं.

मास्टरवर लिनिअर फेज ईक्यू, एक टेपवाला सॅच्युरेशन आणि लिमिटर १६ पट ओव्हरसॅम्पलिंगवर. आणि हो, मुख्य आवाजाचा ट्रॅक आर्म आहे, मधेमधे एखादी ओळ परत घेतो म्हणून तसाच राहतो.

फेडर_खाली

झालं मग. १६ पट ओव्हरसॅम्पलिंग म्हणजे लिमिटर आतल्या आत ७ लाख सॅम्पल प्रति सेकंदाच्या वर काम करतोय, ते तुला मिक्स चालू असताना कशाला हवंय? बंद ठेव, शेवटी रेंडर करताना (अंतिम फाइल बनवताना) लाव. बऱ्याच प्लगइनमध्ये रेंडरला वेगळं सेटिंग देता येतं, ते शोध.

आर्मचं असं आहे की सॉफ्टवेअर नुसत्या वाजणाऱ्या ट्रॅकचं काम पुढचं पुढचं आधीच करून ठेवू शकतं, कारण पुढे काय येणार ते त्याला माहितीये. रीपरमध्ये त्याला अँटिसिपेटिव्ह एफएक्स म्हणतात, क्युबेसमध्ये एएसआयओ गार्ड. पण ट्रॅक आर्म करून मॉनिटरिंग चालू केलंस की तो लाइव्ह झाला, माइकमधून पुढच्या क्षणी काय येईल ते कोणाला ठाऊक, मग त्या ट्रॅकची सगळी साखळी त्या छोट्या बफरातच उरकावी लागते. आर्म काढ आणि मीटर बघ.

बाकी सरळ उपाय म्हणजे गाणं वाजत ठेवायचं आणि अर्धे ट्रॅक ऑफलाइन करायचे (नुसतं म्यूट नाही, काही सॉफ्टवेअर म्यूट ट्रॅकवरचे प्लगइन पण चालवत बसतात). मीटर पडलं तर चोर त्या अर्ध्यात, नाही पडलं तर उरलेल्यात. ३८ ट्रॅक म्हणजे पाच-सहा फेऱ्यांत सापडेल. रीपर वापरत असशील तर व्ह्यू मेनूत परफॉर्मन्स मीटर आहे, ट्रॅकनिहाय आकडे देतं. एबलटन लाइव्हला ११ पासून प्रत्येक ट्रॅकखाली मीटर आलंय.

लूपवर_लूप

धाग्यात घुसतोय त्याबद्दल सॉरी पण माझं पण सेम आहे. माझे तर फक्त ६ ट्रॅक आहेत आणि एका सिंथच्या पॅडवर सगळं बसतं. एकच पॅड!! कॉर्ड बदलली की तडतड.

फेडर_खाली

पॅडला युनिसन (एका नोटेमागे किती आवाज एकत्र) किती, रिलीज (नोट सोडल्यावर आवाज किती वेळ रेंगाळतो) किती, ते सांग.

लूपवर_लूप

युनिसन ७, दोन ऑसिलेटर, ६ नोटांची कॉर्ड, रिलीज ८ सेकंद. मस्त वाजतो पण.

फेडर_खाली

वाजणारच. ६ गुणिले ७ गुणिले २, म्हणजे ८४ ऑसिलेटर एका वेळी. आणि रिलीज ८ सेकंद असल्यामुळे तू कॉर्ड बदललीस तरी आधीची मेलेली नसते, म्हणजे त्या क्षणी १६८. त्या प्रत्येक व्हॉइसला फिल्टर वेगळा. युनिसन ३ वर आण, फरक कानाला किती कळतो बघ, आणि रिलीज कमी करून ती शेपटी रिव्हर्बला करू दे. नाहीतर पॅड फ्रीझ कर (तात्पुरता ऑडिओ करून ठेव) आणि मोकळा हो.

रात्रपाळी

@मध्यसप्तक दादा, लॅपटॉप आहे म्हणताय म्हणून, चार्जर लावलेला असतो का? बॅटरीवर प्रोसेसर आपला वेग कमी करून बसतो. पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर ठेवा. आणि टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये स्पीड दिसतो गिगाहर्ट्झमध्ये, तडतड होताना तो आकडा बघा. माझा २.८ वरून ०.८ ला यायचा, पंख्यात इतकी धूळ बसली होती की अक्षरशः गोधडी निघाली. साफ केल्यावर जे प्रोजेक्ट उघडत पण नव्हते ते वाजायला लागले.

अजून एक, लेटन्सीमॉन (कुठला ड्रायव्हर किती वेळ अडवतो ते दाखवणारा प्रोग्राम) चालवून बघा. दहा मिनिटं चालू ठेवायचं, मग ड्रायव्हर्स टॅबमध्ये हायेस्ट एक्झिक्यूशनच्या कॉलमवर क्लिक करायचं, वर जो येईल तो गुन्हेगार. बहुतेक वेळा वायफाय नाहीतर ग्राफिक्स. हा प्रकार सीपीयू किती वापरला याच्याशी संबंधित नसतो, एखादा ड्रायव्हर मधेच येऊन प्रोसेसर अडवून धरतो आणि तेवढ्यात बफर चुकतो.

मध्यसप्तक

सगळ्यांचे आभार, आज संध्याकाळभर हेच केलं. हिशोब देतो.

आर्म काढला, लिमिटरचं ओव्हरसॅम्पलिंग बंद केलं: मीटर ६० वरून ३८ वर आलं. मोठा फरक.

चार्जर कायम लावलेला असतो, स्पीड ३ च्या आसपास, खाली येत नाही.

लेटन्सीमॉनमध्ये सगळ्यात वर एनडीआयएस.सिस आलं, शोधलं तर ते नेटवर्कचं निघालं. वायफाय बंद केल्यावर मधेमधे येणारी एकटी-दुकटी टिक गेली. म्हणजे हा पण एक चोर होताच.

पण मुख्य तडतड आहे तिथेच आहे! आणि आता बाकीचा कचरा गेल्यावर एक विचित्र गोष्ट लक्षात आली. दोन कडव्यांच्या मध्ये ४५ सेकंदांचा एकट्या बासरीचा तुकडा आहे, मागे थोडा पॅड, बाकी सगळे गप्प. आख्ख्या गाण्यात सगळ्यात कमी तिथे वाजतंय, आणि तडतड नेमकी तिथे. ती पण पहिली ३० सेकंद काही नाही, मीटर ३० ला निवांत, मग एकदम १०० आणि शेवटची १५ सेकंद नुसती फटाक्यांची माळ. गायिकेने पुढच्या कडव्याचा पहिला शब्द घेतला की गप्प, परत ३८. बफर १०२४ केला तरी तिथे तेच. बासरीवरचे सगळे प्लगइन काढले तरी तेच. मी आता सॉफ्टवेअरला भूतबाधा झालीये असं धरून चाललोय.

झटपट_दाजी

बासरीचा सॅम्पलर असेल, हार्ड डिस्कवरून ओढत असेल. एसएसडी घे.

मध्यसप्तक

दाजी, बासरी खरी वाजवलेली आहे, वेव्ह फाइल आहे.

जुना_टेपवाला

भूतबाधा नाही. वेळ सांगितलीत हे फार बरं केलंत, नाहीतर अजून आठवडाभर सगळे बफरावरच बोलत बसले असते.

दोन प्रश्न. एक, गाणं स्टॉप करून हात न लावता बसून राहा, मीटर काय करतं? दोन, गायिकेच्या आवाजाला जो रिव्हर्ब आहे तो कुठला, किती जुना, आणि त्यात डिके किती सेकंद लावलाय?

मध्यसप्तक

काका, अंगावर काटा आला. स्टॉप केलं, मीटर १५ वर आलं, चहूकडे शांतता, आणि साधारण अर्ध्या मिनिटाने एकदम १०० वर जाऊन लाल!! काहीच वाजत नसताना! प्ले केलं, गाण्याचा शब्द आला, की परत खाली.

रिव्हर्ब एक जुना फुकट मिळणारा आहे, ३२ बिट, ब्रिजमधून (६४ बिट सॉफ्टवेअरमध्ये ३२ बिट प्लगइन चालवायची सोय) चालवतो. दहाही आवाज सेंडने त्याच एका बसवर (सामायिक ट्रॅकवर) जातात. डिके २.४ सेकंद.

जुना_टेपवाला

मग हिशोब जुळला. रिव्हर्बचा डिके २.४ सेकंद म्हणजे आवाज ६० डीबी खाली यायला २.४ सेकंद. पण तो ६० ला थांबत नाही. रिव्हर्बमध्ये आवाज स्वतःतच परत परत फिरवलेला असतो, दर फेरीला थोडा लहान, थोडा लहान. आपल्या कानाला तो तीन-चार सेकंदांत संपतो, आकड्यांत संपत नाही, लहान होतच राहतो.

३२ बिट फ्लोटमध्ये (दशांश आकडे साठवायची पद्धत) नीट मावणारा सगळ्यात लहान आकडा म्हणजे दशांशचिन्हानंतर ३७ शून्यं आणि मग ११८. डीबीत सांगायचं तर साधारण उणे ७५८. तुलनेला, २४ बिट फाइलची सगळी रेंजच १४४ डीबीची असते, म्हणजे हा आवाज नव्हेच, नुसती आकड्याची धूळ. त्याच्याही खाली आकडा गेला की त्याला डीनॉर्मल म्हणतात. बऱ्याच प्रोसेसरना हे आकडे नेहमीच्या वेगवान रस्त्याने करता येत नाहीत, आडवाटेने करावे लागतात, आणि साध्या एका गुणाकाराला कित्येक पट वेळ जातो. रिव्हर्बमध्ये असे गुणाकार सेकंदाला लाखोंनी.

आता ६० डीबीला २.४ सेकंद, तर ७५८ डीबीला किती? ३०.३ सेकंद. तुमची ३० सेकंद इथून आली. गायिका थांबते, अर्ध्या मिनिटात रिव्हर्बच्या पोटातले सगळे आकडे धूळ होतात आणि प्रोसेसर गुडघ्यावर येतो. ती परत गायला लागली की मोठे आकडे आत येतात, सगळं सुरळीत. बासरी बिचारी त्या वेळी तिथे उभी होती म्हणून पकडली गेली.

बफर वाढवून काही झालं नाही ते पण यामुळेच. मधूनच एखादा झटका बसत असेल तर मोठा बफर सांभाळून घेतो. इथे कामच सतत वेळेपेक्षा जास्त आहे, मग बफर १२८ असो की १०२४, मागे पडायचं ते पडणारच.

खात्री करायची तर स्टॉप करून लाल होऊ द्या आणि फक्त तो रिव्हर्ब बायपास करा. (बायपास करून पण चालत राहत असेल तर ऑफलाइन.)

मध्यसप्तक

केलं. १०० वरून १३. एका क्लिकमध्ये. दोन आठवडे!!

रात्रपाळी

काका, पण याला तर प्रोसेसरमध्येच सोय असते ना, एफटीझेड का कायसं, लहान आकडा आला की सरळ शून्य धरायचं. मग हे अजून कसं होतं?

जुना_टेपवाला

असते. एफटीझेड आणि डीएझेड, दोन झेंडे आहेत, बरीचशी सॉफ्टवेअर ऑडिओच्या थ्रेडवर ते उभे करूनच ठेवतात, म्हणून हल्ली हा रोग फारसा दिसत नाही. पण ते एसएसई पद्धतीच्या गणितालाच लागू होतात. जुनी ३२ बिट प्लगइन कधीकधी त्याआधीच्या एक्स८७ पद्धतीने गणित करतात, तिथे ती सोयच नाही. लिहिणाऱ्याने स्वतः काळजी घेतली असेल तरच. आम्ही त्या काळी प्रत्येक रिव्हर्ब विकत घेण्याआधी स्टॉप करून मिनिटभर मीटरकडे बघत बसायचो, लोकांना वाटायचं ध्यान करतायत.

मध्यसप्तक

मग आता करू काय? तो रिव्हर्ब टाकून देणं जिवावर येतंय. तिच्या आवाजाला दुसरा कुठलाच तसा बसत नाही, चार बदलून बघितले, सगळे चकचकीत वाटतात.

जुना_टेपवाला

टाकून कशाला देता. तीन वाटा आहेत. त्याची ६४ बिट आवृत्ती निघाली असेल तर आधी ती शोधा, बहुतेक वेळा तिथे हे दुरुस्त केलेलं असतं.

नसेल तर रिव्हर्बच्या बसवर रिव्हर्बच्या आधी एक नॉइज जनरेटर टाका, उणे १२० डीबीवर. कोणाला ऐकू येणार नाही पण रिव्हर्बच्या पोटात सतत काहीतरी जात राहील आणि आकडे धुळीपर्यंत पोचणारच नाहीत. फक्त मास्टरवर खूप गेन देणारं काही असेल तर एकदा गाण्याची शेवटची शांतता हेडफोनवर ऐकून घ्या.

किंवा आवाजाचं मिक्स पक्कं झालं असेल तर बस बाउन्स करून ऑडिओ करून टाका.

एक लक्षात ठेवा, गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारा) लावू नका. रिव्हर्बच्या आधी गेट लावला तर उलट शांतता लवकर सुरू होईल आणि हाच प्रकार आणखी आधी होईल.

फेडर_खाली

मी इथे रिले शर्यत समजावत बसलो आणि चोर शेवटच्या खेळाडूच्या खिशात निघाला. स्टॉप केल्यावर मीटर वर जातं का, हे आता मी पहिल्याच प्रश्नात विचारणार.

लूपवर_लूप

युनिसन ३ केलं, रिलीज दीड सेकंद, मागे रिव्हर्ब. तडतड गेली. आणि स्टॉप करून मिनिटभर बसलो पण, माझं मीटर खालीच राहिलं 😀

झटपट_दाजी

माझा नवा लॅपटॉप आहे, १४ कोअरवाला. हे वाचून उगाच एक जुना प्रोजेक्ट उघडला, स्टॉप केलं, तर चाळीसेक सेकंदांनी एक थ्रेड भरला की राव. इतके दिवस कळलंच नाही, बाकीचे १३ कोअर आहेत ना. प्रोसेसरचं बोललेलो ते मागे घेतो.

मध्यसप्तक

नॉइजवाली वाट केली. उणे १२० वर. गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत तीनदा वाजवलं, बासरीच्या तुकड्यात मीटर ३१, स्टॉप करून पाच मिनिटं चक्कर मारून आलो तरी १५. बफर परत १२८ वर आणलाय, त्यावर पण वाजतंय.

६४ बिट आवृत्ती सापडली नाही, त्यामुळे मिक्स संपलं की ती बस बाउन्स करून ठेवणार, म्हणजे पुढच्या वर्षी प्रोजेक्ट उघडला आणि ब्रिज चालला नाही तरी रिव्हर्ब हातात राहील. काका, बाउन्स करताना अजून काही सांभाळायचं?

जुना_टेपवाला

शेवटी जागा सोडा. गाणं संपतं तिथे सिलेक्शन संपवलंत तर शेपटी कापली जाते. २.४ चा डिके आहे, पाच-सहा सेकंद जास्त घ्या. आणि बाउन्स करण्याआधी ते नॉइज बंद करा, ऑफलाइन बाउन्सला तडतडीची भीती नसते, फार तर वेळ जास्त लागेल.

मध्यसप्तक

सहा सेकंद घेतो. धागा बंद करायला हरकत नाही.